कोटाचा निळा, झेंड्याचा निळा

‘वारी’ हा शब्द आमच्या घरात चालत नाही. आजीचे सासरे माळकरी होते. आषाढीला पायी पंढरपूर गाठायचे, चोखोबाच्या समाधीशी डोकं टेकायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. पायरीच्या पुढे त्यांना जाताच आलं नाही. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर घरातली माळ गेली, देव्हारा गेला. रमाबाईंनी पंढरपूरला जायचा हट्ट धरला तेव्हा बाबासाहेबांनी ‘आपण दुसरी पंढरी उभी करू’ अशी समजूत घातली, ही गोष्ट आजी शंभर वेळा सांगायची. म्हणून ठाण्याहून चैत्यभूमीपर्यंत चालत जायचं ठरलं तेव्हा मी सहज म्हणाले, “म्हणजे आपली वारीच की.” अण्णांनी लगेच टोकलं, “वारी नाही. दर्शनही नाही. अभिवादन.”

अण्णा म्हणजे माझे वडील. वय सहासष्ट, पेशा पेंटर. बोर्ड, भिंती, लग्नाचे दरवाजे, आणि एप्रिल जवळ आला की पुतळे. आजूबाजूच्या पाच-सहा वस्त्यांतल्या बाबासाहेबांचे कोट त्यांनी रंगवलेत. गुडघा दुखत असताना ते चालायला कसे तयार झाले हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

५ डिसेंबरच्या रात्री नऊ वाजता तीन हात नाक्यावरून निघालो. चाळीसेक माणसं. दरवर्षी आम्ही लोकलने जातो; यंदा पोरांनी पायी जायचं मनावर घेतलं. पंचवीसेक किलोमीटर म्हणजे फार नव्हे, पण हायवेच्या कडेने रात्री चालणं म्हणजे डोळ्यात धूळ आणि कानाशी ट्रेलर. सगळ्यात पुढे एक मुलगा बांबूला लावलेला मोठा निळा झेंडा घेऊन होता. गाडीचा दिवा पडला की झेंडा एकदम निळा व्हायचा, गाडी गेली की काळा.

विक्रोळीला केळी आणि बिस्किटं खायला बसलो. कॉलेजातला एक मुलगा सांगत होता की निळा म्हणजे आभाळ, आभाळाखाली सगळे समान, म्हणून आपला रंग निळा. छान बोलत होता. अण्णा केळं सोलता सोलता म्हणाले, “आभाळ काय आत्ता आलं का रे? आमच्या आज्याच्या डोक्यावर पण तेच होतं.”

मग चालता चालता त्यांनी मला त्यांचा हिशोब सांगितला. आधी झेंडा. १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन निघालं, त्याचा झेंडा निळा. बाबासाहेब गेल्यावर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष झाला, त्यानेही निळाच धरला. पुढे पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायला बसलो तर दादर येईल, पण एकाही गटाने रंग सोडला नाही. “भांडण झालं की माणूस भांडीकुंडी वाटून घेतो. हे एक काही वाटता आलं नाही.”

“आणि कोट?”

“कोट आमच्या लोकांनी निळा केला. तो कोट रंगीत कुणी पाहिलाय गं? फोटो सगळे काळे-पांढरे.”

मी थांबलेच. लहानपणापासून निळा कोट, लाल टाय, काखेत किंवा हातात संविधान आणि पुढे केलेलं बोट एवढं डोळ्यांत बसलंय की बाबासाहेबांनी कधी करडा किंवा तपकिरी सूट घातला असेल हे मनातच येत नाही. संसदेच्या आवारात १९६७ साली बसवलेला, शिल्पकार ब्रह्मेश वाघांनी घडवलेला त्यांचा पुतळाही ब्रॉन्झचा; त्याला कसला निळा? पण गावोगावी सिमेंटचे पुतळे उभे राहिले तेव्हा ते रंगवावे लागले. आणि रंगवणारा माणूस बहुतेक वेळा त्याच वस्तीतला असायचा, ज्याच्या डोक्यात झेंडा आधीपासून होता. कॅलेंडरवाल्यांनी तोच निळा छापला. मला वाटतं, रंग असाच ठरतो. कुणी बैठक घेऊन ठरवत नाही. डब्यात जो उरलाय आणि मनात जो बसलाय तो भिंतीवर जातो. आमच्या वस्तीत चुन्यात नीळ घालून घरं रंगवायची पद्धत होतीच, कारण तेवढं परवडायचं. ते फिकट निळं घर आणि तो गडद कोट एकमेकांना कधी चिकटले, कुणाला माहीत.

अण्णा मात्र दोन्ही एक मानत नाहीत. “कोटाचा निळा वेगळा, झेंड्याचा वेगळा. कोटात थोडा काळा टाकावा लागतो, नाहीतर माणूस बँडवाला दिसतो.” झेंड्यात काळा टाकायचा नाही. ही शिस्त त्यांना कुणी शिकवली, विचारायचं राहून गेलं.

घाटकोपरला रमाबाई नगर आलं तेव्हा गप्पा आपोआप थांबल्या. ११ जुलै १९९७ला इथल्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. अण्णा पुतळ्यापाशी हात जोडून उभे राहिले आणि नंतर, सवयीने असेल, जवळ जाऊन रंग कुठे सुटलाय ते पाहून आले. पुतळ्याला कुणी हात लावला की हल्ली बातमी लगेच फोनवर येते. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूं जिल्ह्यात तोडलेल्या पुतळ्याच्या जागी नवा आणला तो भगव्या शेरवानीतला. काही दिवसांतच तो पुन्हा निळा झाला. अण्णांना ही बातमी तोंडपाठ आहे. दोन वेगळ्या रंगांचे किती लिटर लागले असतील याचा त्यांचा अंदाजही तयार असतो.

सायनपासून पायाला फोड आलेला जाणवू लागला. पाणी वाटणारी टेबलं लागली, ‘जय भीम, ताई, बसा थोडं’ म्हणणारी माणसं लागली. पहाटे पाचला हिंदू कॉलनीत राजगृहासमोर पोचलो. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर. दिल्लीत ६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब गेले, विमानाने त्यांना मुंबईला आणलं, इथे ठेवलं आणि ७ तारखेला इथूनच अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे निघाली. आमची आजी त्या गर्दीत होती. तिने काय पाहिलं म्हणून विचारलं की एकच सांगायची: “काही दिसलं नाही. माणसंच माणसं.”

टिळक पुलावरून पश्चिमेला उतरलो आणि मला दुसरा रंग दिसला. पांढरा. नऊवारी, सहावारी, सदरे, पायजमे. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर गाड्यांत बसून आलेल्या म्हाताऱ्या बायका फुटपाथवर पोळी-चटणी खात बसलेल्या, सगळ्या पांढऱ्यात. नागपूरच्या धम्मदीक्षेला लोक पांढरे कपडे घालून आले होते, तिथून हे आलं. आजोबा जिवंत असताना आजी पहिल्यांदा पांढरं नेसली तेव्हा शेजारच्या आळीत कुजबूज झाली होती, सवाष्ण बाई आणि पांढरं? ती तशीच चौकातून पाणी घेऊन आली. मला निळ्यापेक्षा हे धाडस मोठं वाटतं. निळा हातात धरायचा रंग आहे, हा अंगावर घेऊन गावातून चालावं लागलं.

शिवाजी पार्कात रांग वळत वळत गेलेली. आम्ही सहा तास उभे होतो. त्या सहा तासांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाय दुखतात, पोरं रडतात, कुणीतरी त्रिसरण म्हणायला लागतं आणि रांग एक हात पुढे सरकते. बाजूला पुस्तकांचे स्टॉल. एका बाईने आमच्यासमोर पिशवीतले पैसे दोनदा मोजले, संविधानाची प्रत घेतली आणि वडापाव न घेताच पुन्हा रांगेत आली.

स्तूपात अस्थींसमोर वाट्याला काही सेकंदच आले. अण्णांनी खिशातून काहीतरी काढलं. मला वाटलं फूल. मेणबत्ती होती, वाटेत मोडलेली. वातीवर लोंबकळणारे दोन्ही तुकडे तसेच ठेवले आणि स्वयंसेवकाने ‘चला, पुढे चला’ म्हणायच्या आत बाहेर आले.

परतीला लोकल. स्टेशनबाहेर नेत्यांचे अभिवादनाचे फ्लेक्स लागले होते, ओळीने. अण्णा एकापुढे थांबले.

“बघ. जांभळा करून ठेवलाय.”

“प्रिंटिंगमध्ये होतं असं, अण्णा.”

“होतं म्हणजे? बघायला नको का कुणी?” गाडीत बसल्यावर बूट काढून त्यांनी गुडघा चोळला. मुलुंडपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “आपल्या चौकातला पण उन्हानं उतरलाय. या वेळी एप्रिलपर्यंत थांबायला नको. सोमवारी एक लिटरचा डबा घेऊन ये.”