कोळशाच्या धुळीत गाडी चालवणाऱ्याने एअर फिल्टर कुठला घ्यावा: कागदी की धुवून वापरायचा, माझा अनुभव

स्विफ्टचा एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा, बदलायची वेळ आली होती आणि नेमका तेव्हाच नागपूरचा मावसभाऊ घरी आलेला, त्याने त्याच्या गाडीत के अँड एनचा लाल कापडी फिल्टर बसवलाय आणि तो त्यावर जाम खूश आहे. म्हणे, "दादा, एकदाच पैसे घाल न, दहा लाख मैलांची वॉरंटी आहे, धुवायचा, तेल मारायचं आणि परत लावायचा, कागदी किती वेळा बदलशील?" पिकअप वाढतो, अॅव्हरेज वाढतं हेही होतंच. खरं सांगायचं तर मलाही पटत होतं, पाच हजारांच्या आसपास किंमत आहे पण दर वेळी नवीन घ्यायची कटकट नाही, कचराही कमी. तरी म्हटलं थांबू, नीट बघू, कारण आपला रस्ता नागपूरचा नाहीये.

मी राहतो वणीला, नोकरी घुग्घुसकडे. ज्यांनी हा पट्टा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी दोन्ही बाजूंना, मधे वर्धा नदी, रस्त्यावर कोळशाचे टिप्पर एकामागे एक, राजूरकडे गेलं की चुन्याच्या भट्ट्या, आणि घुग्घुस जवळ आलं की सिमेंटचा कारखाना. उन्हाळ्यात टिप्परच्या मागे राहिलो की बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. ही सगळी हवा इंजिन ओढतंय. साधा हिशोब करा, 1200 सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा स्वतःच्या मापाएवढी हवा घेतं, म्हणजे 3000 आरपीएमला पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला तर मिनिटाला साधारण 1800 लिटर. नेहमीच्या चालवण्यात त्याहून बरीच कमी, तरी तासाभरात हजारो लिटर सहज होते. आणि धुळीत वाळूचा जो अंश असतो, सिलिका, तो लोखंडापेक्षा कडक, पिस्टनची रिंग आणि सिलेंडरची भिंत घासतो, मग ऑइल खाणं सुरू, कॉम्प्रेशन कमी, आणि ते काम निघालं की फिल्टरचे पैसे कुणाला आठवत नाहीत.

म्हणून मी आधी हे शोधलं की फिल्टरचं मोजमाप कशावर करतात. त्यासाठी आयएसओ 5011 नावाची चाचणी आहे, ठरलेली धूळ फिल्टरवर सोडतात आणि तीन गोष्टी बघतात: किती धूळ अडवली, भरेपर्यंत किती साठवली, आणि हवेला किती अडथळा झाला. जाहिरातीत जास्त करून तिसरी गोष्ट सांगतात, आपल्यासारख्यांना पहिल्या दोन महत्त्वाच्या. चांगला कागदी फिल्टर 99 टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. तेल लावलेला कापडी फिल्टर सहसा त्याहून थोडा कमी. "थोडा" ऐकून काही वाटत नाही, पण हिशोब उलट्या बाजूने करायचा, समजा एक 99 टक्के अडवतो आणि दुसरा 97, तर आत जाणारी धूळ एकात 1 आणि दुसऱ्यात 3 भाग, म्हणजे तिप्पट. ही गोष्ट डोक्यात बसली आणि तिथून माझं मत फिरायला लागलं.

अजून एक, कागदी फिल्टर थोडा मळला की उलट जास्त बारीक धूळ अडवतो, कारण बसलेल्या धुळीचा थरच गाळणीचं काम करतो. म्हणजे दर हप्त्याला काढून झटकायची जी सवय आपल्याकडे आहे ती चांगली नाही. गॅरेजवाले काका नेहमी विचारतात, "हवा मारून देऊ का?" मी आता नाही म्हणतो. कॉम्प्रेसरच्या प्रेशरने कागदाला बारीक भोक पडू शकतं, डोळ्याला दिसत नाही, आणि तिथून सरळ धूळ आत.

पिकअप आणि अॅव्हरेजचं म्हणाल तर अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 मध्ये चाचण्या केल्या होत्या, मुद्दाम बुजवलेले फिल्टर लावून. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत अॅव्हरेजवर म्हणण्यासारखा फरक पडला नाही, फक्त पूर्ण दाबल्यावर गाडी उचलायला उशीर लागत होता. कारण सोपं आहे, पेट्रोल गाडीत हवा आधीच थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणारी झडप, अडवत असतो, अर्धा अॅक्सिलरेटर असताना फिल्टर मोकळा असला काय नि नसला काय, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तेवढंच पेट्रोल सोडतो. आता मला सांगा, बुजलेल्या फिल्टरनेच अॅव्हरेज घसरत नाही तर चांगल्या कागदीच्या जागी कापडी लावून ते वाढणार कुठून? ज्यांनी इंजिन ट्यून केलंय, टर्बो मोठा केलाय, ट्रॅकवर चालवतात, त्यांची गोष्ट वेगळी. के अँड एन कंपनी 1969 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली तीच रेसिंगवाल्यांची गरज बघून, त्या कामासाठी वस्तू उत्तम आहे.

मग मी भावाला म्हटलं तुझी गाडी दाखव. एअर बॉक्सच्या क्लिपा काढल्या, फिल्टर बाजूला ठेवला आणि इंजिनकडे जाणाऱ्या पाईपमध्ये, म्हणजे जिथे फक्त गाळलेली हवा जायला पाहिजे तिथे, पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळून फिरवला. रुमालावर तपकिरी चिकट पट्टा आला आणि बोटांत चोळल्यावर रवाळ लागत होतं. लगेच माझ्या गाडीत तेच केलं, भरलेल्या कागदी फिल्टरच्या मागे, तिथे फिकट राखाडी डाग आला, कोरडा, रवा नाही. मी हे प्रयोगशाळेतलं माप म्हणत नाही, भावाच्या फिल्टरचं रबर एका कोपऱ्यात नीट बसलं नव्हतं असंही मला दिसलं, पण हेही लक्षात घ्या की जो फिल्टर सारखा काढायचा-लावायचा त्यात ही शक्यता जास्त.

धुण्याचं काम कमी समजू नका. क्लीनर मारा, दहा मिनिटं थांबा, आतल्या बाजूने बाहेर असं कमी प्रेशरचं पाणी सोडा, मग सावलीत नैसर्गिक वाळवा, हेअर ड्रायर नाही कॉम्प्रेसर नाही, पूर्ण वाळला की प्रत्येक घडीवर तेल, तेही मापात, मग ते पसरायला वेळ द्या. तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर ज्या गाड्यांत आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे तिथे तेलाचा थर त्याच्या तारेवर बसून रीडिंग चुकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. हे धुणं-वाळवणं होईपर्यंत गाडी उभी. ज्याला रोज शिफ्टला जायचंय त्याने एकतर दुसरा फिल्टर ठेवायचा नाहीतर सुटीची वाट बघायची. आणि आमच्या धुळीत कंपनीने चांगल्या रस्त्यासाठी सांगितलेलं धुण्याचं अंतर चालत नाही, फार लवकर धुवावा लागतो.

पैशांचंही बघितलं. मला ओरिजिनल कागदी 300 ला मिळतो, फिल्टर आणि क्लीनिंग किट मिळून साडेसहा हजार धरले तर तेवढ्यात 21 कागदी फिल्टर येतात. धुळीमुळे मी 10,000 किलोमीटरला बदलतो, म्हणजे वसुली व्हायलाच 2 लाख किलोमीटरच्या पुढे.

शेवटी कागदीच घेतला. फक्त घेताना दुकानात डबा उघडून बघितलं, आणि हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. एक स्वस्तातला लोकल दाखवला त्याने, त्याच्या घड्या कुठे दाट कुठे विरळ, कडेचं रबर दाबलं तर दाबलेलंच राहत होतं. ओरिजिनलचं रबर लगेच वर येतं, घड्या सारख्या, आणि मोबाईलचा टॉर्च मागून धरला तर सगळीकडे एकसारखा मंद उजेड दिसतो, कुठेही टिंब चमकत नाही. बसवायच्या आधी बॉक्सचा तळ ओल्या फडक्याने पुसला, खाली कोळशाची चिमूटभर नाही चांगली मूठभर भुकटी होती, ती तशीच ठेवून नवीन फिल्टर लावला तर काढघालीत थोडी आत जातेच. मग चारही बाजूंनी रबर बोटाने दाबून बघितलं आणि क्लिपा लावल्या.

आता मी दोन-दोन आणून ठेवतो आणि एक नक्की दिवाळीनंतर बदलतो, कारण पाऊस संपला की इथे धुळीचा सीझन सुरू होतो तो थेट जूनपर्यंत. गाडीच्या मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळा तक्ता असतो, सर्व्हिसला गेल्यावर तोच दाखवायचा, नाहीतर साध्या रस्त्याचं अंतर धरून फिल्टर तसाच ठेवतात. भावाने त्याचा के अँड एन ठेवलाय, नागपूरच्या डांबरी रस्त्यावर त्याला चालून जाईल, रबर तेवढं आम्ही दोघांनी मिळून नीट बसवलं आणि पाईप पुसून दिला. पुढच्या वेळी आला की परत रुमाल फिरवून बघणार आहे, फरक पडला का ते कळेल.