रँक सोडून नव्या पोरांबरोबर का खेळतो, तुम्ही विचारलंत म्हणून

"भावा, प्लॅटिनम असून नवख्यांना घेऊन अनरेटेड का खेळत बसतोस?" ग्रुपवर, कट्ट्यावर, परवा तर लग्नाच्या पंगतीत पण विचारलं. गोष्ट व्हॅलोरंटची, पाच-पाच जणांच्या दोन टीमच्या ऑनलाइन गोळीबाराच्या गेमची. त्यात रँक्ड मॅचमध्ये हार-जीतीवर रँक चढते-उतरते, अनरेटेडमध्ये तसं काही नसतं, आणि प्लॅटिनम ही बऱ्यापैकी वरची रँक. एकदाच सांगतो.

मी समाजसेवा करत नाही. हरायला मलाही आवडत नाही. स्पाइक, म्हणजे गेममधला बॉम्ब, कुठं लावायचा हेच माहीत नसलेला एक जण टीममध्ये आला की चौघांचा पाऊण तास जातो, डोकं फिरतंच, माझंही फिरतं.

पण गेल्या मे महिन्यात गडहिंग्लजचा मावसभाऊ राजारामपुरीत आमच्याकडं राहायला आलेला, अकरावीतला. त्याला व्हॅलोरंट लावून दिला आणि मी मागं उभा राहिलो. स्कोअर ११-१२, समोरच्यांना अजून एक राउंड मिळाला की मॅच त्यांची. टीममधले चौघं मेलेले, समोरचा शेवटचा गडी यानंच मारला, कसा मारला त्यालाच कळलं नाही. आता फक्त समोरच्यांनी लावलेला स्पाइक डिफ्यूज, म्हणजे निकामी करायचा, सात सेकंद बटण दाबून धरायचं काम. हा बसला आणि माइकवर चौघं एकदम सुटले, हेडफोनमधनं मला बाहेर ऐकू येत होतं, एक ओरडतोय सोडू नको, दुसरा शिव्या देतोय, याला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय म्हणून यानं बटणच सोडलं. अर्ध्याच्या पुढं गेलेलं! साडेतीन सेकंद झाले की तेवढं डिफ्यूज जमा राहतं, परत दाबलं की तिथनंच पुढं चालू होतं. याला वाटलं पहिल्यापासून करायला लागणार, वेळ पुरायचा नाही, म्हणून पळाला. मी मागनं "दाब, दाब" म्हणतोय, पण हेडफोनमुळं त्याला ऐकूच जाईना. स्फोट झाला, मॅच गेली. हा "सॉरी भैया" म्हणाला, तर त्याच्या हिंदीची नक्कल सुरू, "गाव से आया क्या, डिलीट कर गेम". "दादा, मावशी हाक मारतीया" म्हणून उठून आत गेला. आई तेव्हा कपिलतीर्थला भाजी आणायला गेलेली.

"अर्धं झालंय, परत दाब" एवढंच कुणीतरी म्हणायचं होतं. चौघांनाही ते माहीत होतं.

पूर्वी मीच म्हणायचो, शिव्या खाल्ल्याशिवाय कोण शिकत नाही, मी पण तसाच शिकलो. पण मी सुरू केलं २०२०च्या जूनमध्ये, गेम आला तेव्हाच, लॉकडाऊनमध्ये सगळेच नवखे, कोण कुणाला बोलणार? आज येणाऱ्याला समोर वर्षानुवर्षं मुरलेले भेटतात. त्यात रँक्ड उघडायला अकाउंट लेव्हल २०ला न्यावं लागतं, म्हणजे नवं अकाउंट काढून आलेले तयार गडी पण आधी अनरेटेडमध्येच येतात, याच पोरांच्या डोक्यावर. आपल्याकडं तालमीत वस्ताद पण बोलतो, लई बोलतो, पण नव्या पोराला जोड बघून लावतो आणि पडला की कुठं चुकला ते दाखवतो.

आता माझा एक मित्र म्हणतो शिव्यांनीच तो सुधारला, आणि तो खरंच माझ्यापेक्षा चांगला खेळतो. त्याला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तुम्ही रँक्ड खेळा, मी अडवत नाही. फक्त रात्री दहानंतर मला पाचवा म्हणून बोलवू नका, तेव्हा माझ्या लॉबीत, म्हणजे टीममध्ये, नवी पोरं असतात.