उघड्या बंदरात नांगर टाकताना

गंगापूर धरणावर शीड हाताळायला शिकलेल्याला वारा कळतो, पण स्वेल, म्हणजे दूरवरून येणारी लांब लाट, कळत नाही. धरणातली लाट तिथल्याच वाऱ्याने उठते आणि वारा पडला की बसते. कोकणात पश्चिमेला तोंड असलेल्या बंदरात मात्र वारा नसतानाही दूरच्या वादळाची स्वेल येऊन पोहोचते. म्हणून निघण्याआधी इन्कॉईस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा आणि त्यात उंचीसोबत दोन लाटांमधले सेकंदही बघा. १४ सेकंदांची दीड मीटरची लाट उथळ पाण्यात ६ सेकंदांच्या तेवढ्याच लाटेपेक्षा जास्त चढते. साधारणपणे उंचीच्या सव्वापट खोलीवर लाट फुटते, तेव्हा त्या पट्ट्यापासून भरपूर लांब राहा.

साखळीचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करा. ओहोटीला ५ मीटर, भरतीचा फरक २, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची १, असे ८ मीटर झाले. एरवी पाचपट, म्हणजे ४० मीटर साखळी चालते. स्वेलमध्ये सातपट, ५६ मीटर सोडा. मात्र बोट तेवढ्या घेरात फिरणार, हे धरूनच जागा निवडा.

साखळी पुरेशी असूनही नांगर उखडतो तो हिसक्याने. लाट नाळ उचलते, साखळी ताठ होते आणि ताठ साखळीला लवचीकपणा उरत नाही. सगळा धक्का क्लीटवर (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर) आणि नांगरावर. यावर स्नबर, म्हणजे धक्का शोषणारा ताणता दोरच हवा: दहा मीटरच्या बोटीला तीन पेडी नायलॉनचा १२-१४ मिलिमीटरचा, किमान ८ मीटर लांब दोर, हुकाने साखळीत अडकवलेला. हुक आणि क्लीट यांच्यामधली साखळी सैल लोंबली पाहिजे. पॉलिप्रॉपिलीनचा दोर इथे नको, तो पुरेसा ताणत नाही. दोर जिथे घासतो तिथे जाड कापड किंवा चामडं गुंडाळा आणि रात्री एकदा तरी हात लावून बघा.

रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटला की नाळ जमिनीकडे वळते आणि स्वेल बोटीला मागून किंवा आडवी धरते. मागून दुसरा नांगर टाकून नाळ लाटेकडे ठेवता येते. पण वारा आडवा वाढला तर दोन्ही नांगरांवर प्रचंड ओढ येते, तेव्हा मागचा आधी सोडावा लागतो.

बोट आयत्या बोयावर (तळाच्या ठोकळ्याला साखळीने बांधलेल्या तरंगत्या खुणेवर) बांधणार असाल तर खालच्या ठोकळ्याची चौकशी करा. १००० किलोचं काँक्रीट समुद्राच्या पाण्यात जेमतेम ५७० किलो भरतं. साखळीचा तळाशी सतत उचलला-आपटला जाणारा भाग सर्वांत आधी झिजतो. तो पाण्यात उतरून तपासा. बोयाच्या कडीतून एकच दोर ओवून परत आणू नका, तो करवतीसारखा घासतो. दोन स्वतंत्र दोर बांधा.

साखळीचं आतलं टोक बोटीला शॅकलने (लोखंडी कडीने) नव्हे, डेकपर्यंत येईल एवढ्या दोराने बांधा. लाट वाढून लगेच निघायची वेळ आली की तो सुरीने कापता येतो.