बोलावणं आलं आणि ते टेमाला आले

मंगळवारी सकाळी सात वाजता समोरच्या दाराची कडी वाजते आणि मला कळतं, एल्डर आणि सिस्टर निघाले. चर्चच्या कामासाठी आलेलं हे अमेरिकन जोडपं; एल्डर, सिस्टर ही त्यांच्यातली संबोधनं. खाली त्यांची पिकअप उभी असते. मागे दोन गाद्या दोरीने आवळलेल्या, एका खोक्यात पाण्याच्या फिल्टरच्या कँडल, दुसऱ्यात बल्ब, मच्छरदाण्या, झुरळांची पावडर. ते ७१ वर्षांचे, त्या ६८ च्या. गाद्या दुसऱ्या मजल्यावरून ते दोघंच उतरवतात. मुलांना हाक मारा म्हटलं तर एल्डर म्हणतात, "मुलांच्याच तर गाद्या आहेत."

घानात येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. नवऱ्याची नोकरी टेमाच्या औद्योगिक वसाहतीत. टेमा म्हणजे राजधानी अक्राच्या पूर्वेला असलेलं बंदराचं गाव. इथल्या बहुतेक वस्त्यांना नावं नाहीत, कम्युनिटी एक, कम्युनिटी दोन असे नुसते आकडे आहेत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत समोरच्या घरात हे अमेरिकन जोडपं राहायला आलं. दोघांच्या छातीवर काळी पट्टी, तीवर आडनाव आणि चर्चचं नाव. आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो ते हे लोक. त्यांना मात्र पूर्ण नाव घेतलेलं आवडतं: द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, रसेल नेल्सन यांनी, तसं आवर्जून सांगितलं होतं. सिस्टरांनी मला हे पहिल्याच आठवड्यात समजावलं, म्हणून मीही तेच वापरते.

पांढरा शर्ट, टाय आणि पाठीवर सॅक अशी जोडीजोडीने फिरणारी तरुण मुलं पुष्कळांनी पाहिली असतील. ती धर्मप्रचारासाठी दोन वर्षं घराबाहेर निघतात. निवृत्त जोडपीही अशीच निघतात हे मला माहीत नव्हतं. हे दोघं १८ महिन्यांसाठी आलेत. पगार नाही, राहण्याजेवण्याचा खर्च स्वतःचा. कुठे जायचं तेही स्वतः ठरवलेलं नाही. इच्छा कळवता येते, पण शेवटी चर्चकडून पत्र येतं त्याप्रमाणे निघायचं. सिस्टर त्याला "कॉल" म्हणतात. मी तो शब्द मनातल्या मनात "बोलावणं" असाच ऐकते. आषाढात आमच्या आजीच्या तोंडी तोच शब्द असायचा.

एल्डरांनी आयडाहोत चाळीस वर्षं गाई सांभाळल्या. माझं माहेर भिलवडीच्या बाजूला, घरात गोठा होता, त्यामुळे आमची ओळख धारेच्या गप्पांवरूनच झाली. निघण्यापूर्वी त्यांनी गोठा मुलाच्या हाती दिला. अकरा नातवंडं मागे ठेवून आलेत. बारावं इथे असताना झालं, त्याला अजून मांडीवर घेतलेलं नाही. आमच्या ओळखीतले किती आईवडील याच वयात नातवंडं सांभाळायला सहा-सहा महिने अमेरिकेला जातात! तेही प्रेमच आहे. पण त्याच देशातून नातवंडांना सोडून कुणी दुसऱ्यांच्या मुलांचे फिल्टर बदलायला इथे येतं, हे पाहिल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

पहिल्यांदा ते घरी आले तेव्हा मी सवयीने चहाचं आधण ठेवलं. ते चहा-कॉफी दोन्ही घेत नाहीत. १८३३ पासूनची शिकवण आहे त्यांची, दारू-तंबाखूही वर्ज्य. घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसांना चहाशिवाय कसं पाठवायचं? मग बाल्कनीतल्या कुंडीतला गवती चहा आठवला. विचारून खात्री करून घेतली. चहापत्ती नसेल तर चालतं म्हणाले. गवती चहा, आलं, थोडा गूळ. तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे तेच उकळतं.

मंगळवारच्या फेरीला मी त्यांच्याबरोबर तीनदा गेले. टेमाच्या आसपास या तरुण प्रचारक मुलांची घरं विखुरलेली आहेत. एकेका घरात दोघं किंवा चौघं, बहुतेक आफ्रिकेतल्याच निरनिराळ्या देशांतले. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, की सामान, किल्ल्या, गाद्या यांचा हिशेब पुन्हा नव्याने. सिस्टर आत गेल्या की आधी मोरी पाहतात, मग फ्रिज, मग मच्छरदाणी धरून उजेडाकडे करतात. भोक दिसलं की पर्समधली सुई बाहेर. रागावणं नाही. सिंकमध्ये दोन दिवसांची भांडी असली तर त्या काही न बोलता बाह्या सरसावतात, आणि मुलं धावत येऊन त्यांच्या हातातला काथ्या काढून घेतात.

दुसऱ्या फेरीला एका घरात सिएरा लिओनचा एक मुलगा अंथरुणावर होता. एकोणीस वर्षांचा. मलेरियाच्या तीन दिवसांच्या गोळ्या संपल्या होत्या, ताप उतरला होता, पण तोंडाला चव नव्हती. घरात होतं ते तिखटजाळ स्ट्यू. सिस्टर त्याच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. इथे पोरं आईला फोन करतात तो आठवड्यातून एकदा, आणि त्या आठवड्याचा होऊन गेला होता. संध्याकाळी मी गुरगुट्या भात केला, वर तूप, मीठ, आणि आईने पाठवलेलं मेतकूट. एल्डर डबा घेऊन अर्धा तास गाडी चालवत गेले. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला आणि सिस्टरांनी विचारलं, "त्या पिवळ्या पुडीचं नाव काय? तो आणखी मागतोय."

बुधवार कागदपत्रांचा: घरभाडी, व्हिसा, गाड्यांची दुरुस्ती. त्यात सांगण्यासारखं फार नाही. शुक्रवार मात्र माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. त्या दिवशी चर्चच्या एका खोलीत छोटा धंदा करणाऱ्यांसाठी वर्ग असतो, चर्चचे असोत वा नसोत. मी कॉमर्सची, म्हणून वह्या तपासायला मला बोलावलं. एक बाई वाचे विकतात. वाचे म्हणजे चवळी घालून लालसर शिजवलेला भात, सकाळच्या न्याहारीला इथे त्यावर उड्या पडतात. धंदा दणक्यात, तरी महिनाअखेरीला हातात काही उरत नव्हतं. आम्ही वही उघडली तर पोराची फी, दिराचं औषध, तांदूळ, कोळसा सगळं एकाच गल्ल्यातून. एल्डरांनी दुधाचे दोन रिकामे डबे टेबलावर ठेवले. एक धंद्याचा, एक घराचा. घरासाठी रोज ठरावीक सेदी (इथलं चलन), त्यापुढे हात लावायचा नाही. सात आठवड्यांनी त्या बाईंनी नवं पातेलं घेतलं आणि ते दाखवायला वर्गात डोक्यावर घेऊन आल्या. आम्ही सगळ्यांनी त्यावर टिचक्या मारून आवाज ऐकला.

रविवारी दोन तास प्रार्थना आणि धर्मवर्ग. ब्रेड आणि पाण्याचा प्रसाद असतो, वाइन नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, निर्जळी म्हण की!" संध्याकाळी सहाला, आयडाहोत तेव्हा अकरा-बारा वाजलेले असतात, नातवंडांचा व्हिडिओ कॉल. भिंत पातळ आहे. फोन ठेवल्यावर समोर बराच वेळ काहीच आवाज येत नाही. त्या वेळी मी दार वाजवत नाही.

सासूबाईंचा दुसरा प्रश्न अर्थातच होता: तुम्हाला बाटवायला तर नाहीत ना आले? खरं ते सांगते. त्यांनी एकदा पुस्तक दिलं, एकदा रविवारी बोलावलं. मी गेले, बसले, माझी श्रद्धा जिथे आहे तिथे आहे हेही सांगितलं. त्यानंतर विषय निघाला तो मी काढला म्हणून.

मी विचारलं होतं ते वेगळंच. १९७८ पर्यंत या चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद मिळत नव्हतं. आणि घानात मात्र केप कोस्टचे जोसेफ विल्यम बिली जॉन्सन १९६४ पासून, पाठीशी कुणी नसताना, याच पंथाचा प्रचार करत होते. १४ वर्षं ते वाट पाहत राहिले. जून १९७८ मध्ये बंधन उठलं आणि नोव्हेंबरात पश्चिम आफ्रिकेत चर्चने पाठवलेले पहिले प्रचारक आले, ती दोन वयस्कर जोडपीच होती. मी सिस्टरांना विचारलं, तुम्हाला त्या नियमाचं काही वाटत नव्हतं? त्या थोड्या थांबल्या. म्हणाल्या, "मी वीस वर्षांची होते. रेडिओवर बातमी आली तेव्हा वडील ट्रॅक्टर थांबवून रडले. पण मी आधी कधी प्रश्न विचारला नव्हता, हे मला इथे आल्यावर जास्त टोचतं." त्यांनी सारवासारव केली नाही. मला त्या त्या दिवशी फार मोठ्या वाटल्या.

ऑगस्टमध्ये १८ महिने पूर्ण होतील. येणाऱ्या जोडप्यासाठी सिस्टर आतापासून एक वही लिहून ठेवतायत: गाद्यांचं दुकान, भरवशाचा प्लंबर, कोणत्या घराचा फिल्टर कधी बदलला, कोणाला कशाची ॲलर्जी. परवा ती वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "या शब्दाचं स्पेलिंग बरोबर आहे का बघ." आजारी मुलांच्या जेवणाच्या पानावर मेतकूट लिहिलं होतं, पुढे आमच्या घराचा नंबर.

रात्री आईला फोन केला. यंदा पुडा मोठा पाठव म्हटलं.