अंतराळातलं कोपभवन

एकत्र कुटुंबात रुसायला जागा लागते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात ती जिन्याखाली होती. तिथे जाऊन बसलेल्याला कोणी हाक मारायची नाही, असा नियम. काकूचा शेरा ठरलेला, "राहू दे, भूक लागली की येईल."

अंतराळयानात महिनोन्‌महिने राहणाऱ्यांनी रुसायचं कुठे? १९७३ सालच्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकासाठी नासानं रेमंड लोवी या डिझायनरचा सल्ला घेतला. मोटारी आणि रेल्वेची इंजिनं सजवणारा हा माणूस. त्याचा आग्रह असा, की प्रत्येकाला स्वतःचा कोपरा हवा आणि खिडकी तर हवीच. अभियंते कुरकुरले, कारण भोक पाडलं की यानाची भिंत दुबळी होते. पण खिडकी झाली, आणि मोकळा वेळ मिळाला की अंतराळवीर तिथेच रेंगाळू लागले. जेवायचं टेबलही त्रिकोणी, म्हणजे यजमानाची जागा कोणालाच नाही. हे मला फार पटलं. आमच्याकडे पंगतीतल्या पाटावरून अबोले झालेत.

रशियाच्या गालिना बालाशोवा यांनी 'मीर' स्थानकाची अंतर्रचना केली. वजनच जाणवत नाही तिथे वर कुठलं नि खाली कुठलं? म्हणून त्यांनी जमीन गडद ठेवली, छत फिकं. (झोपाळा मात्र तिथे निरुपयोगी; ढकलला तर परत यायचा नाही. बडोदेकरांचं कठीण आहे.)

आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकावर कैकेयीची सोय आहे, पण टेलिफोन बूथएवढी. भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरून झोपायचं. पंख्याची घरघर सोसायचीच, कारण हवा हलली नाही तर आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवती साचून राहतो.

ह्यूस्टनमध्ये २०२३-२४ साली चौघेजण मंगळावरच्या घराच्या प्रतिकृतीत ३७८ दिवस राहिले. जागा १,७०० चौरस फूट. आकडा ऐकून काकू उखडलीच. "चौघांत सतराशे? आणि त्याचं एवढं कौतुक?" मग जरा विचार करून म्हणाली, "पण खऱ्या मंगळावर गेल्यावर, भांडण झालं तर माहेरी यायची सोय आहे का?"

"आहे की. पण नुसत्या प्रवासाला सात-आठ महिने लागतात."

"मग काय, वाटेतच राग उतरतो," काकू म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.