तो तिच्यासाठी आला होता

माझं काम शीर शोधायचं. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. लॅबच्या बाकावर सकाळी सातलाच रांग लागते आणि मी दंडाला पट्टा बांधून 'मूठ आवळा' म्हणत असते. हे आधीच सांगते, कारण 'आय अ‍ॅम लेजंड' (२००७) हा सिनेमा मला आता वेगळा दिसतो तो या कामामुळे.

कॉलेजात असताना पाहिला तेव्हा विल स्मिथसाठी रडले होते. ओसाड न्यूयॉर्क, त्यात एकटा डॉक्टर नेव्हिल आणि त्याची कुत्री. तिला संसर्ग होतो आणि तिचा जीव त्यालाच घ्यावा लागतो. अंधारातून किंचाळत येणारी ती विषाणूनं बाधित, केस झडलेली माणसं एकदाची मरू देत, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाबरोबर परत लावला. या वेळी माझी नजर टेबलावर गेली. नेव्हिल सापळा लावून एका बाधित बाईला पकडतो, पट्ट्यांनी टेबलाला जखडतो आणि तिच्यावर औषध टोचून बघतो. ती सापडते तेव्हा एक बाधित पुरुष उन्हात डोकं काढतो. ऊन त्यांना भाजतं, तरी काढतो. आणि नेव्हिल घरी जाऊन नोंद करतो की, माणसासारखं वागणं यांच्यात आता उरलेलंच नाही.

मी रिमोट ओढून घेतला.

"काय झालं गं ताई?"

"अरे, तो तिच्यासाठी आला होता की!"

रोज नोंदी करणाऱ्या बाईला ही नोंद फार लागते. समोर दिसलं ते बरोबर, अर्थ साफ चुकला. मला त्या बाधिताची कणव आली ती तो चांगला निघाला म्हणून नव्हे. त्याचंही कुणीतरी आत बांधून ठेवलंय, हे कळलं म्हणून.

थिएटरात दाखवलेल्या शेवटात नेव्हिल बॉम्ब घेऊन त्यांच्यावर झेपावतो आणि हुतात्मा होतो. आधी चित्रित केलेला शेवट निराळा होता. तो बाधित काचेवर बोटानं फुलपाखरू काढतो. त्या बाईच्या अंगावर तसंच गोंदण आहे. नेव्हिल बंदूक ठेवतो, तिला परत देतो, माफी मागतो. मग भिंतीवरचे फोटो दिसतात, प्रयोगात मेलेल्यांचे. चाचणी खेळांत तो शेवट प्रेक्षकांना रुचला नाही. मला वाईट वाटतं, कारण रिचर्ड मॅथेसनच्या १९५४ च्या मूळ कादंबरीचा जीवच तिथे आहे: बाधितांना दिवसा, झोपेत असताना येऊन मारणारा नेव्हिल हाच त्यांच्या नव्या जगाचा राक्षस.

जॉर्ज रोमेरोच्या 'डे ऑफ द डेड'मधला (१९८५) बब मला असाच रडवतो. तो उठून चालणारं, साखळीनं बांधलेलं प्रेत, म्हणजे झॉम्बी, पण त्याला शिकवणारा डॉक्टर मेलेला दिसतो तेव्हा तो कळवळतो. त्यानंतर आपण झॉम्बींना मारणाऱ्या सैनिकांच्या बाजूला उरतच नाही.

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबात करोनाचे रुग्ण सापडले आणि सगळा जिल्हा हादरला. पुढे माझी ड्यूटी स्वॅब घ्यायला लागली. विलगीकरणात एक चारेक वर्षांची पोर होती, आजीबरोबर. पांढरं किट, चष्मा, हातात लांब काडी अशी मी दारात आले आणि ती किंचाळत आजीच्या पदरात शिरली. मी तिला वाचवायला आले होते. नेव्हिलही तेच म्हणाला असता.

पुढच्या खेपेला मी छातीवर मार्करनं माझं नाव लिहून गेले. पोरीला वाचता येत नव्हतं. आजीनं ते मोठ्यानं वाचलं, पुढं 'मावशी' जोडलं. पोरीनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग तोंड उघडलं.