आठवड्यातले दोन दिवस

आमच्या विभागातील एका ताईंनी आज राजीनामा दिला. नागपुरात कोराडी रोडहून मिहान या औद्योगिक भागापर्यंत, मेच्या उन्हात तोंडाला ओला दुपट्टा बांधून रोज दुचाकीने येणे, दोन लहान मुले सांभाळून त्यांना जमेना. राजीनाम्याचे पत्र दिले तेव्हाही तो दुपट्टा खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची त्यांची विनंती आधीच नाकारली गेली होती.

रात्री अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचे २०२४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेले संशोधन पुन्हा वाचले. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या प्रवास-आरक्षण कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांच्या या प्रयोगात, ज्यांना नेमकी हीच दोन दिवसांची मुभा मिळाली, त्यांच्यातील नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. कामगिरीच्या मूल्यमापनात वा बढतीत मात्र पुढील दोन वर्षे फरक आढळला नाही. हा लाभ स्त्रियांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये ठळक होता. सुरुवातीला उत्पादकता घटेल असे मानणाऱ्या व्यवस्थापकांचे मतही प्रयोगाअंती बदलले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ताईंची नोटीस संपायला अजून वेळ आहे. उद्या सकाळी हे आकडे घेऊन मी साहेबांना भेटणार आहे.